घरचा सर्व्हर : यजमान होण्याचे शिक्षण

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त बंगळूर येथे भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषण)



मराठी शाळेत पाल्याचे नाव घालावयास आलेले पालक अर्ज हाती घेण्यापूर्वी बहुधा एक प्रश्न विचारतात : ‘मराठीतून शिकलेले मूल पुढे संगणकाच्या जगात टिकेल ना?’ हा प्रश्न विचारताना त्यांच्या डोळ्यांसमोर जे शहर असते, त्याचे नाव पुष्कळदा बंगळूर असते. आजचा मेळावा त्याच शहरात भरला आहे आणि समोर बसलेल्यांपैकी कित्येक जण त्या प्रश्नाचे चालतेबोलते उत्तर आहेत. तेव्हा त्या उत्तराचा जयघोष करण्याचे येथे कारण नाही. त्याऐवजी या शहरातील एका घरात काय घडले, ते सांगणे अधिक उपयोगाचे ठरेल.

घर शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याचे. घरात तो, त्याची पत्नी, नववीत शिकणारी मुलगी आणि गावाकडून येऊन राहिलेली त्याची आई. गृहस्थ एका मोठ्या कंपनीत सर्व्हरची देखभाल करतो. गेली अनेक वर्षे त्याने हजारो सर्व्हर सांभाळले. मात्र त्यांतील एकही त्याने कधी हाताने चाचपून पाहिलेला नाही. ते कोठे तरी दूर, थंड केलेल्या दालनांत असतात आणि त्याला ते पडद्यावरील नावांच्या यादीत भेटतात.

एका पावसाळी संध्याकाळी मुलीने विचारले, “बाबा, आपण जी पाने उघडतो, ती असतात कुठे?” वडिलांनी सवयीने उत्तर दिले, “क्लाउडमध्ये.” आजीने कान टवकारले. क्लाउड म्हणजे ढग, एवढे तिला ठाऊक होते. ती म्हणाली, “मग असा पाऊस लागला की सगळं खाली येतं का रे?” घरात हशा पिकला. परंतु वडील हसता हसता थांबले. आईला सोप्या मराठीत खरे काय ते सांगू गेले, तर त्यांच्यापाशी शब्दच नव्हते. जे काम ते रोज करीत होते, ते त्यांना घरच्या भाषेत सांगता येत नव्हते. त्या रात्री त्यांनी मुलीला म्हटले, “आपण आपल्या घरीच एक सर्व्हर उभा करू. मग दोघं मिळून आजीला सांगू.”

सर्व्हर हा शब्द भारदस्त वाटतो. अर्थ मात्र साधा आहे. सेवा देणारा तो सर्व्हर. एक संगणक पान मागतो, दुसरा ते काढून देतो. देणाऱ्याचे नाव सर्व्हर. शाळेच्या ग्रंथालयाची खिडकी आठवावी. विद्यार्थी चिठ्ठी देतो, ग्रंथपाल कपाटाशी जाऊन पुस्तक आणतो. पुस्तक नसेल तर ‘नाही’ म्हणून सांगतो. पडद्यावर अधूनमधून दिसणारा ४०४ हा आकडा म्हणजे ग्रंथपालाचे तेच ‘नाही’. पुस्तक आहे पण देण्याची मुभा नाही, असे असेल तर आकडा ४०३ येतो. आणि पुस्तक हाती पडते तेव्हा ग्रंथपाल मनातल्या मनात २०० म्हणतो, तो वाचकाला दिसत नाही. आजीला हे तत्काळ उमगले. “म्हणजे खिडकीशी कुणीतरी सतत बसून राहायला हवं,” ती म्हणाली. साऱ्या विषयाचे मर्म तिने एका वाक्यात सांगितले होते. मुलीला ते पटण्यास मात्र चार महिने लागले.

पुढल्या रविवारी बाप-लेक एस. पी. रोडला गेले. जुन्या बंगळूरच्या त्या गजबजलेल्या रस्त्यावर संगणकाचा सुटा भाग मिळणार नाही असे सहसा होत नाही. तेथून त्यांनी एक वापरलेला संगणक आणला. त्यावर लिनक्स बसवले. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने जिचा आरंभ केला आणि जगभरच्या असंख्य हातांनी जी वाढवली, ती ही प्रणाली. तिच्यावर त्यांनी अपाची नावाचा, १९९५ पासून वापरात असलेला सर्व्हर-प्रोग्राम चढवला. या दोन्ही गोष्टींना एक पैसाही पडत नाही आणि दोहोंचे अंतरंग कोणालाही उघडून वाचता येते. शिकणाऱ्याच्या दृष्टीने या दुसऱ्या गोष्टीचे मोल पहिलीपेक्षा अधिक आहे.

अशा जुन्यापान्या साहित्यातून काय व्हायचे, अशी शंका कोणास आल्यास त्याने याच शहराचा इतिहास आठवावा. १९८१ साली अवकाशात गेलेल्या ‘ॲपल’ या भारतीय दूरसंचार उपग्रहाची एक चाचणी येथे बैलगाडीवर ठेवून घेण्यात आली होती. गाडी लाकडाची, धातूच्या वाहनामुळे मोजमापात जो अडथळा आला असता, तो तिच्यामुळे टळला. ते छायाचित्र पाहून कोणी हसते, कोणाला अभिमान वाटतो. पण त्यातला धडा असा, की ज्याला विषय कळला आहे तो जवळच्या साधनातून मार्ग काढतो.

आता सर्व्हरवर ठेवायचे काय? वडिलांच्या ट्रंकेत आपल्या शाळेचे एक जुने हस्तलिखित होते. वर्गातील मुलांनी वर्षअखेरीस काढलेले, जाड दोऱ्याने शिवलेले, समासात वेलबुट्टी असलेले. अशी हस्तलिखिते येथील अनेकांनी सजवली असतील. त्याची एकच प्रत होती, आणि शाई फिकी पडू लागली होती. ठरले असे की आजीने वाचून दाखवायचे आणि नातीने टंकलिखित करायचे. रस्त्यावर कन्नड, शाळेत इंग्रजी आणि घरात मराठी बोलणाऱ्या त्या मुलीला जोडाक्षरे लिहिण्याचा सराव नव्हता. आजी एकेक शब्द फोडून सांगे. ‘ळ’ आणि ‘ल’ यांतील भेद, ऱ्हस्व-दीर्घाचे नियम आणि वडिलांच्या मित्रांचे बालपण ही तिन्ही तिला एकाच वहीतून भेटली.

पहिले पान तयार झाले आणि शेजारच्या खोलीतील संगणकावर उघडून पाहिले, तो मराठीच्या जागी चित्रविचित्र चिन्हांची रांग! मुलगी रडकुंडीला आली. वडिलांनी उत्तर सांगितले नाही, केवळ एवढे विचारले, “संगणकाला अक्षरं कळतात की आकडे?” दोन दिवसांच्या शोधानंतर तिला उलगडा झाला. संगणकाला फक्त आकडे समजतात. युनिकोड या जागतिक कोष्टकात प्रत्येक अक्षराला क्रमांक असतो. ‘म’ चा क्रमांक २३५०. ‘मराठी’ या शब्दात काना आणि वेलांटी स्वतंत्र मोजली तर पाच चिन्हे होतात. यूटीएफ-८ या पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे हा शब्द पंधरा बाइटांचा. ते बाइट कोणत्या पद्धतीने वाचायचे हे पानाच्या आरंभी सांगावे लागते. तिने ते सांगितले नव्हते. एक ओळ लिहिली आणि शाळेचे नाव पडद्यावर उमटले. वर्षानुवर्षे मराठी वाचणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे की पडद्यावरील प्रत्येक अक्षरामागे अशी एक मुकी ओळ उभी असते?

यानंतरचा प्रश्न मुलीच्या आईने उपस्थित केला, आणि तो रास्त होता : हे यंत्र रात्रंदिवस चालणार, तर विजेचे काय? उत्तर वादाने न देता गणिताने देण्यात आले. तो जुना संगणक सुमारे ६० वॉट वीज घेत होता. दिवसाचे चोवीस तास आणि महिन्याचे तीस दिवस धरले, तर सुमारे ४३ युनिट होतात. त्याऐवजी तळहाताएवढा रास्पबेरी पाय वापरला, तर ५ वॉटच्या हिशेबाने महिन्याला साडेतीन युनिटांच्या आसपास. केंब्रिजमधील काही मंडळींनी शाळकरी मुलांना संगणकाचे अंतरंग शिकता यावे या हेतूनेच हा छोटा संगणक घडवला आणि २०१२ मध्ये तो बाजारात आला. घरात त्याची प्रतिष्ठापना झाली. जुना संगणक साठवणीच्या दुसऱ्या प्रतीसाठी, आठवड्यातून एकदाच चालू करण्यासाठी उरला.

येथवर सारे घरातल्या घरात होते. बाहेरच्या जगाला दार उघडणे ही निराळी पायरी, आणि वडिलांनी ती मुद्दाम लांबवली. घरातील प्रत्येक यंत्राला राउटर जो पत्ता देतो तो खोलीच्या क्रमांकासारखा असतो. रस्त्यावरच्या माणसाला तो उपयोगी नाही. इंटरनेटची जुनी पत्तापद्धती ३२ द्विमान अंकांची असल्यामुळे तीत जेमतेम ४२९ कोटी पत्ते मावतात. ते पुरत नाहीत म्हणून पुष्कळदा अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता दिला जातो. चाळीतील सर्व बिऱ्हाडांना एकच टपालपेटी असावी तसे हे आहे : आतून पत्र जाते, पण बाहेरून आलेले नेमके कोणाचे ते कळत नाही. त्यासाठी या कुटुंबाने आपल्या इंटरनेट पुरवठादाराकडून थोडे अधिक शुल्क भरून स्थिर पत्ता घेतला. घराला नाव द्यायचे ठरले तेव्हा मुलीने ते देवनागरीत हवे असा आग्रह धरला. ‘.भारत’ या शेपटाची देवनागरी नावे २०१४ पासून मिळतात, हे तिनेच वडिलांना सांगितले.

दार उघडले त्या रात्री मुलगी पहिल्या पाहुण्याची वाट पाहत बसली. सर्व्हर आपल्या नोंदवहीत प्रत्येक मागणी टिपून ठेवतो. त्या नोंदवहीला लॉग म्हणतात. काही तासांतच लॉग भरू लागला. परंतु आलेले पाहुणे हस्तलिखित वाचावयास आलेले नव्हते. दूरदेशीची स्वयंचलित यंत्रे कुलपे चाचपत होती : येथे अमुक पान आहे का, ‘ॲडमिन’ नावाने आत येता येते का, सोपा पासवर्ड चालतो का. मुलगी घाबरली. “आपल्याला कुणी ओळखत नाही, मग हे आपल्याच दारात का?” वडील म्हणाले, “ते कुणालाच ओळखत नाहीत गं. ते गल्लीतलं प्रत्येक दार ढकलून बघतात.”

येथे पालकांनी विशेष लक्ष द्यावे. भीती वाटली म्हणून त्या घराने दार कायमचे लावून टाकले नाही. कुलूप कसे असते ते शिकून घेतले. सर्व्हरच्या यंत्रावर घरची छायाचित्रे, बँकेची कागदपत्रे यांपैकी काहीही ठेवले नाही. ते यंत्र घरातील इतर संगणकांपासून वेगळ्या जाळ्यात ठेवले. पानांसाठी लागणारी दोन दारे, म्हणजे ८० आणि ४४३ या क्रमांकांची पोर्ट, तेवढीच बाहेरच्यांसाठी उघडी राहिली. यंत्राच्या देखभालीसाठी आत शिरण्याचा मार्ग घरापुरताच राखला आणि तेथेही पासवर्डऐवजी कूटकिल्ली आली. दर रविवारी प्रणालीतील सुधारणा चढवण्याचा नेम झाला. पानाची ने-आण सांकेतिक लिपीत व्हावी यासाठी लागणारे प्रमाणपत्र ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या संस्थेकडून विनामूल्य मिळाले. त्याची मुदत थोड्या दिवसांची असते, म्हणून नूतनीकरण आपोआप होईल अशी तजवीजही केली. ‘अनोळखी माणसाशी बोलू नकोस’ हे वाक्य त्या मुलीने लहानपणापासून ऐकले होते. अनोळखी माणसाशी सुरक्षितपणे कसे वागावे, हे तिला प्रथमच कळले.

आणखी एक प्रश्न आजीने काढला. “हे दुसऱ्यांनी लिहिलेलं आहे. त्यांना विचारलंस का?” हस्तलिखितात वर्गमित्रांच्या कविता होत्या, निबंध होते, शेवटच्या पानावर सर्वांचे घरचे पत्ते होते. लेखन ज्याचे, हक्क त्याचा. मग तो लिहिताना सातवीत का असेना. वडिलांनी एकेकाला दूरध्वनी करून अनुमती घेतली. पत्त्यांचे पान वगळले. एका मित्राने आपली कविता नको म्हटले, ती काढली. कोणाचे काय जगापुढे ठेवावे आणि काय ठेवू नये, हा विवेक कोणत्याही प्रोग्राममध्ये आयता मिळत नाही.

हळूहळू खरे वाचक येऊ लागले. कोणी पुण्याहून, कोणी आखाती देशातून. आणि एक वाचक असा, जो रोज रात्री साडेआठला येई, एकच पान उघडी आणि जाई. तो कोण हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते.

सहामाही परीक्षा जवळ आली. मुलीचा बराच वेळ लॉग पाहण्यात जातो, हे आईच्या लक्षात आले होते. तिने एके दिवशी बटन बंद केले आणि सांगितले, “परीक्षा होईपर्यंत हे राहू दे.” यात तिचे काही चुकले असे कोणीही पालक म्हणणार नाही. तिसऱ्या दिवशी रात्री वडिलांचा दूरध्वनी वाजला. ते घरी नसल्यामुळे तो आईने घेतला. पलीकडे वडिलांचे जुने वर्गशिक्षक होते, निवृत्त होऊन कित्येक वर्षे झालेले. त्यांनी फार हळू विचारले, “तीन दिवस झाले, आपली शाळा बंद आहे का?”

सरांची दृष्टी अधू झाली होती. छापील अक्षर त्यांना दिसत नसे; मोबाइलवर अक्षर मोठे करून ते रोज एका विद्यार्थ्याचे लेखन वाचत. एके काळी लाल शाईने तपासलेली ती वाक्ये होती. तो त्यांचा रात्रीचा नेम झाला होता.

आईने स्वतः उठून यंत्र सुरू केले. दुसऱ्या दिवशी तिने एक चिठ्ठी लिहून त्यावर चिकटवली : ‘हे बंद करू नये. सर वाचतात.’

जगातील पहिल्या वेब सर्व्हरवरही अशीच एक चिठ्ठी होती, हे तिला तेव्हा माहीत नव्हते. १९९० च्या अखेरीस जिनिव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी आपल्या टेबलावरील संगणकावर तो चालवला होता. हा संगणक सर्व्हर आहे, कोणी बंद करू नये, अशा अर्थाची सूचना त्यांनी लाल शाईने लिहून त्यावर डकवली होती. पुढे ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ते तंत्र सर्वांसाठी मुक्त केले. आज ज्याच्यावाचून कोणाचे क्षणभर चालत नाही, त्याचा आरंभ टेबलावरच्या एका यंत्रातून आणि ‘बंद करू नका’ एवढ्या विनंतीतून झाला.

मुलीच्या अभ्यासाचा प्रश्न मात्र त्या चिठ्ठीने सुटला नाही. तो नियमाने सुटला. घराने एक पाळीची वही घातली. रविवारी एक तास देखभाल, इतर दिवशी लॉग पाहायचा नाही. परीक्षेच्या काळात पाळी वडिलांची. वीज गेली तर इन्व्हर्टर, यंत्र बिघडले तर साठवणीची प्रत. परतीच्या वाटेची परीक्षाही त्यांनी एकदा घेतली : सर्व काही पुसून टाकून प्रतीवरून पुन्हा उभे केले. जी प्रत परत उभी करून पाहिलेली नाही, ती प्रत आहे असे समजू नये, हा त्या वहीतील पहिला नियम आहे.

श्रोतेहो, या हकिगतीत आश्चर्यकारक असे काही नाही. सर्व्हर लहान होता, पाने थोडी होती. मुलीने त्यातून पारितोषिक मिळवले नाही. मग तिने मिळवले काय?

आपली मुले इंटरनेटच्या घरात अष्टौप्रहर पाहुणी असतात. पाहुण्याला ताट आयते मिळते. आवडले नाही तर तो उठून दुसऱ्या दारी जातो. यजमानाला तसे उठता येत नाही. कोण केव्हा येईल हे त्याला ठाऊक नसते, तरी चूल पेटती ठेवावी लागते. आलेल्यांत चोर कोण आणि भुकेला कोण हे ओळखावे लागते. जे वाढायचे ते निवडून, स्वच्छ करून, ज्याचे त्याला विचारून वाढावे लागते. ती मुलगी पाहुणीची यजमान झाली. खिडकीशी कोणीतरी सतत बसून राहायला हवे, हे आजीचे वाक्य तिला सरांच्या प्रश्नाने कळले.

आणि वडील? सर्व्हर त्यांना पूर्वीच येत होते. पण ते आपल्या आईला सांगता येत नव्हते, तोवर ते ज्ञान कंपनीच्या दारात चप्पल काढून ठेवावी तसे बाहेरच राहत होते. ते घरात आले तेव्हा मराठीतून आले.

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. संगणकाच्या जगात टिकायला इंग्रजी शब्द लागतात. ते शिकता येतात, येथील सर्वांनी ते शिकले आहेत. परंतु खिडकी, ग्रंथपाल, टपालपेटी, कुलूप अशा ओळखीच्या वस्तूंना धरून एखादी अवघड गोष्ट स्वतःला समजावून सांगण्याची शक्ती ज्या भाषेत मूल वाढते त्या भाषेत प्रथम येते. मराठी शाळेने साठ वर्षे तेच दिले आहे.

ज्यांच्या घरी जुना संगणक धूळ खात पडला आहे आणि ट्रंकेत एखादे हस्तलिखित आहे, त्यांनी येत्या सुटीत मुलांसह त्यांची भेट घालून द्यावी. आरंभी घरातल्या घरातच पान उघडावे, बाहेरचे दार घाईने उघडू नये. आणि काय केले ते घरातील सर्वांत वडील माणसाला सांगून पाहावे. त्याला ते कळले, तर मुलाला ते आले असे खुशाल समजावे.

त्या घरातील सर्व्हर आजही सुरू आहे. रात्री साडेआठला लॉगमध्ये एक ओळ उमटते, आणि मुलगी म्हणते, “आजी, सर आले.”